स्नायू थकतात तेव्हा : मायस्थेनियाबरोबरची आमची सात वर्षे

सन २०१८ च्या पर्युषणातील गोष्ट. पालमच्या आमच्या छोट्याशा स्थानकात सायंकाळचे प्रतिक्रमण झाल्यावर स्तवन म्हणण्याचा मान अनेक वर्षे माझ्या सौभाग्यवतींकडे आहे. आवाज गोड म्हणता येणार नाही, पण खणखणीत. त्या सायंकाळी पहिली दोन कडवी नेहमीप्रमाणे झाली. तिसऱ्या कडव्यात आवाज नाकातून येऊ लागला, चौथ्यात शब्द एकमेकांत मिसळले, आणि पाचवे कडवे शेजारी बसलेल्या जाऊबाईंनी पुरे केले. अठाईचा तो सहावा दिवस होता. सर्वांनी हात जोडून म्हटले, तपाचा थकवा आहे. मीही तेच म्हटले. पारणे झाल्यावर दोन दिवसांत आवाज बराचसा परत आला आणि विषय तेथेच संपला.

दिवाळीपर्यंत डावी पापणी उतरू लागली. सकाळी डोळा पूर्ण उघडा, दुपारी अर्धा, दिवेलागणीला जवळजवळ मिटलेला. रस्त्यावरची एक मोटारसायकल तिला दोन दिसत. भाकरी चावताना मध्येच जबडा थांबे आणि ती हनुवटीला हाताचा आधार देऊन घास पुरा करी. केस विंचरताना हात वर राहत नसत. चष्म्याचा क्रमांक दोन वेळा बदलला. एका ठिकाणी मोतीबिंदूची सुरुवात आहे असे सांगण्यात आले, दुसऱ्या ठिकाणी मनावर ताण असल्याचे. वैद्यकीय तपासणी बहुधा सकाळी अकराच्या सुमारास होते, आणि सकाळी अकराला ती अगदी ठणठणीत असे. त्यामुळे तक्रार करणाराच खोटा ठरे. मी स्वतः तिला एकदा म्हणालो, "तू मनावर फार घेतेस." ती काही बोलली नाही. हे वाक्य मला अजून टोचते.

पाच महिन्यांनी नांदेडच्या एका मेंदूविकारतज्ज्ञांनी अर्ध्या तासात आजार ओळखला. त्यांनी तिला छताकडे एकटक पाहायला सांगितले. मिनिटभरात पापणी हळूहळू खाली आली. मग हातमोज्यात बर्फ भरून तो मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटे ठेवला. बर्फ काढला आणि पापणी वर. मी बँकेत बत्तीस वर्षे खोट्या सह्या ओळखण्यात घालवली, पण इतका साधा आणि निर्णायक पुरावा क्वचितच पाहिला असेन. थंडाव्याने नस आणि स्नायू यांच्यामधला निरोप अधिक चांगला पोहोचतो, म्हणून पापणी उचलली जाते, असे त्यांनी समजावले. पुढे रक्ताची प्रतिपिंड तपासणी झाली, नसेला पुन्हा पुन्हा सूक्ष्म विद्युत झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद कसा घटत जातो हे पाहिले गेले, आणि छातीचा सीटी स्कॅन झाला. आजाराचे नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. त्या वेळी तिचे वय ५८.

हा आजार वाचकांच्या परिचयाचा नसेल, तरी त्याचा एक रुग्ण मात्र प्रत्येकाला ठाऊक आहे. श्री. अमिताभ बच्चन यांना १९८२ मध्ये बंगळूर येथे 'कुली' चित्रपटाच्या चित्रीकरणात प्राणघातक इजा झाली, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर साधारण दोन वर्षांनी त्यांना मायस्थेनियाचे निदान झाले, ही गोष्ट मात्र फारशी आठवली जात नाही. एकाचा दुसऱ्याशी कार्यकारणसंबंध होता असे मी म्हणणार नाही. त्यानंतर चार दशके ते काम करीत राहिले, एवढे मात्र डोळ्यांसमोर आहे. निदानाच्या दिवशी परतीच्या वाटेवर लोह्याच्या थांब्यावर मी सौ.ला हे सांगितले. ती म्हणाली, "अहो, त्यांना स्वयंपाक करायचा नसतो." बोलण्यात तथ्य होते.

आता आजाराचे स्वरूप. आपण हात उचलायचे ठरवतो तेव्हा मेंदूचा निरोप नसेतून स्नायूपर्यंत येतो. नस आणि स्नायू यांच्यामध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन त्या फटीत सुटते आणि स्नायूवरच्या ग्राहकांना जाऊन चिकटते. मग स्नायू आकुंचन पावतो. मायस्थेनियामध्ये शरीराची संरक्षणव्यवस्था या ग्राहकांनाच परके समजते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. निरोप निघतो, परंतु तो घेणाऱ्या खिडक्या बंद होत जातात. सुरुवातीचे काही निरोप पोहोचतात. काम वाढले की रसायन अपुरे पडते आणि स्नायू थकतो. विश्रांतीनंतर पुन्हा चालू लागतो. म्हणूनच सकाळी बरे, सायंकाळी वाईट. ज्यांचा आजार सर्व शरीरभर पसरलेला असतो, अशा दहांपैकी आठांहून अधिक रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडे सापडतात. केवळ डोळ्यांपुरता आजार असेल तर सुमारे निम्म्यांतच. काहींमध्ये मस्क नावाच्या दुसऱ्याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे असतात. ती २००१ मध्ये ओळखली गेली. तेव्हा रक्ततपासणी कोरी आली म्हणजे आजार नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

आपल्या भागात मण्यार चावलेला माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. दंशाची जागा धड दिसत नाही, वेदना जवळजवळ नसते. पण तासा-दोन तासांत पापण्या उतरतात, जीभ जड होते आणि शेवटी श्वास थांबतो. ही तुलना माझी कल्पना नव्हे. १९७३ मध्ये अमेरिकेत फॅम्ब्रो, ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती या संशोधकांनी मण्यारीच्याच कुळातील एका सापाच्या विषातील द्रव्य वापरून मायस्थेनियाच्या रुग्णांच्या स्नायूंवरील ग्राहक मोजले आणि ते निरोगी माणसापेक्षा पुष्कळच कमी असल्याचे दाखवून दिले. त्याआधी १९३४ मध्ये लंडनमधल्या ग्रीनिच येथील सेंट अल्फेज रुग्णालयात डॉ. मेरी वॉकर या बाईंच्या लक्षात आले होते की, या रुग्णांची अवस्था क्युरारे विषाची बाधा झालेल्या माणसासारखी आहे. त्यांनी त्या विषावरचा उतारा, फायझोस्टिग्मीन, टोचून पाहिला आणि रुग्णाची पापणी वर आली. आज सौ. दिवसातून चार वेळा जी गोळी घेते, ती पायरिडोस्टिग्मीन, त्याच औषधाच्या कुळातली आहे.

या गोळीने आजार बरा होत नाही. फटीतले रसायन ती लवकर नष्ट होऊ देत नाही, एवढेच. अर्ध्या-पाऊण तासात परिणाम सुरू होतो आणि तीन-चार तासांत ओसरतो. मी लगेच खतावणी उघडली. एका बाजूला गोळीची वेळ, दुसऱ्या बाजूला पापणी, गिळणे, आवाज यांची स्थिती. पंधरा दिवसांतच दिसून आले की, जेवणाच्या पाऊण तास आधी गोळी घेतली तर पूर्ण भाकरी खाता येते. जेवणाबरोबर घेतली तर अर्ध्यातच ताट सारावे लागते. डॉक्टरांना ही वही फार आवडली. वहीच्या आधारे त्यांनी वेळा बसवून दिल्या. गोळी मनाने वाढविणे मात्र घातक ठरते. पोटात मुरडा, जुलाब, तोंडाला पाणी सुटणे ही तिची लक्षणे. आणि फाजील प्रमाणात घेतली तर अशक्तपणा कमी न होता वाढतो.

मूळ आजारावर इलाज म्हणजे संरक्षणव्यवस्थेला आवर घालणे. त्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, आणि जोडीला ॲझाथायोप्रिन. प्रेडनिसोलोन थोड्या मात्रेने सुरू करून सावकाश वाढवितात, कारण पहिल्या काही आठवड्यांत अशक्तपणा उलट वाढू शकतो. ॲझाथायोप्रिनचा गुण यायला सहा महिने ते वर्षभर, कधी अधिकही लागतो. मुदत ठेवीसारखेच म्हणा. मध्ये मोडली तर पदरात काही पडत नाही. तोपर्यंत रक्तातील पेशी आणि यकृत यांची तपासणी ठरल्या वेळी करावीच लागते. स्टेरॉइडने सौ.ची साखर वाढली, चेहरा सुजला, गुडघे दुखू लागले. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू झाले, पापड-लोणची बंद झाली. हे सर्व कटकटीचे आहे. पण स्टेरॉइड एकाएकी बंद करणे हा अपघाताला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे, कारण दीर्घकाळ ते घेणाऱ्याचे शरीर स्वतःचे संप्रेरक तयार करणे जवळजवळ सोडून देते.

छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. शंभरांतील दहा-पंधरा रुग्णांच्या त्या ग्रंथीत गाठ आढळते आणि ती काढावीच लागते. गाठ नसतानाही ग्रंथी काढल्याने लाभ होतो का, याचा वाद फार वर्षे चालला होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात १२६ रुग्ण तीन वर्षे पाहिले गेले आणि शस्त्रक्रिया झालेल्यांची प्रकृती सरस राहून त्यांना स्टेरॉइडही कमी लागले. त्यातील रुग्ण १८ ते ६५ वयाचे होते. सौ.च्या स्कॅनमध्ये गाठ नव्हती; वय आणि इतर तक्रारी पाहून डॉक्टरांनी औषधांवरच भर दिला. तरुण रुग्णांच्या नातेवाइकांनी मात्र हा प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारावा.

येथवर सर्व सुरळीत वाटेल. तसे ते झाले नाही, आणि दोष आमचाच होता.

२०१९ च्या एप्रिलअखेर, पारा ४२-४३ अंशांवर असताना, सौ.ला ताप आला. लघवीला जळजळ होती. जवळच्याच एका दवाखान्यात दाखविले. लेव्होफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्या मिळाल्या. मायस्थेनिया असल्याचे आम्ही सांगितले नाही. लघवीच्या तक्रारीचा स्नायूंशी काय संबंध, असे मला वाटले. तिसऱ्या रात्री पाणी नाकातून परत येऊ लागले. मान उशीवरून उचलता येईना. मुलाने बोटाला ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र लावले, आकडा ९७ आला; आम्ही निर्धास्त झालो. सूनबाईंना मात्र डॉक्टरांनी शिकविलेली एक गोष्ट आठवली. तिने सासूला एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांगितले. एरवी तीस-पस्तीसपर्यंत जाणारी सौ. अकरावर थांबली. १०८ ला फोन केला, आणि पहाटे नांदेडच्या अतिदक्षता विभागात पोहोचलो.

याला मायस्थेनियाचे संकट म्हणतात. श्वासाचे स्नायूच थकतात. बोटावरचा आकडा अगदी अखेरपर्यंत चांगला दिसू शकतो, कारण फुप्फुसे निरोगी असतात; त्यांना हलविणारा भाता ढिला पडलेला असतो. निरोगी माणूस एका श्वासात साधारण पन्नासपर्यंत मोजतो. रुग्ण विसाच्या आत आला, बोलताना मध्येच श्वास घ्यावा लागू लागला, लाळ गिळता येईना किंवा आडवे पडल्यावर गुदमरू लागले, तर सकाळची वाट पाहू नये. सौ.ला दोन दिवस मुखवट्याद्वारे यंत्राने श्वास द्यावा लागला आणि पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन दिले गेले. त्याचे प्रमाण वजनाच्या प्रत्येक किलोला एकूण २ ग्रॅम. सौ. ५५ किलो, म्हणजे ११० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २२ बाटल्या. बिल लाखांत गेले. निवृत्तांच्या सामूहिक विम्याचा हप्ता दरवर्षी वाढतो म्हणून मी कुरकुरत असे. त्या महिन्यापासून कुरकुर बंद केली. दुसरा पर्याय रक्तद्रव बदलण्याचा असतो. यंत्र व अनुभवी मंडळी जेथे उपलब्ध असतील तेथे तोही तितकाच उपयोगी. ज्यांचा खासगी विमा नाही, त्यांनी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली कोणत्या रुग्णालयात काय मिळते, हे आरोग्यमित्राकडे जाऊन आधीच विचारून ठेवावे. अतिदक्षता विभागाच्या दाराशी कागद शोधण्याची पाळी शत्रूवरही येऊ नये. जाता जाता एक हिशेबनिसाची तक्रार. आयकर कायद्याच्या कलम ८०डीडीबीखालील मज्जासंस्थेच्या आजारांच्या यादीत मी हे नाव फार शोधले. पार्किन्सन सापडला, हा नाही.

लेव्होफ्लॉक्सॅसिन एकटे नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन ही त्याची भावंडे, ॲझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन आणि अमिकासिनची इंजेक्शने, शिरेतून दिले जाणारे मॅग्नेशियम, हिवतापावरील क्विनाइन व क्लोरोक्विन, रक्तदाब-धडधडीसाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध, इतकेच काय, काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबही या आजारात अशक्तपणा वाढवू शकतात. जुलाब लागले की आपल्याकडे औषधांच्या दुकानातून परस्पर घेतली जाणारी जोडगोळी यातच मोडते. कधी कधी दुसरा उपाय नसल्याने यांतील एखादे औषध डॉक्टर जाणीवपूर्वक देतात आणि रुग्णावर लक्ष ठेवतात. तो त्यांचा अधिकार आहे. न सांगता घेणे हा आपला अपराध. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना सांगणे तर अनिवार्यच, कारण भुलीत स्नायू सैल करण्यासाठी जी औषधे वापरतात, ती या रुग्णांत वेगळ्या रीतीने वागतात.

नातेवाइकांचे प्रेम हाही एक विषय आहे. करोनाच्या काळात घरोघरी रोगप्रतिकारशक्ती वाढविण्याची लाट आली होती. आमच्याकडे गुळवेलीचा काढा तीन घरांतून आला. या आजारात प्रतिकारशक्ती दुबळी नसते; ती चुकीच्या घरावर दगड मारीत असते. तिला अधिक दगड पुरविण्यात काय हशील? शिवाय २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, आणि ॲझाथायोप्रिन घेणाऱ्याला यकृत आधीच सांभाळायचे असते. काढे मी आदराने स्वीकारले आणि मोरीत ओतले.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात गियाँ-बारेची साथ आली तेव्हा आमचा फोन दिवसभर वाजत होता. बातम्यांत सारखे 'नांदेड' येई, आणि पाहुण्यांना ते आपलेच नांदेड वाटे. ते सिंहगड रस्त्याजवळचे नांदेड गाव होते. तो आजारही शरीराच्या संरक्षणव्यवस्थेच्या चुकीमुळेच होतो, पण तेथे हल्ला नसांवर असतो. बहुधा पोटाच्या वा श्वासाच्या संसर्गानंतर सुरुवात होते, पायांत मुंग्या येतात, अशक्तपणा पायांकडून वर चढतो आणि काही दिवसांतच पूर्ण जोर धरतो. मायस्थेनियात मुंग्या नसतात, बधिरपणा नसतो. सुरुवात बहुधा डोळ्यांकडून, आणि चढउतार रोजचा. दोन्हींत इम्युनोग्लोब्युलिन वापरतात, म्हणून लोकांनी दोन्ही एकच मानले.

आता आपल्या घरांशी निगडित एक प्रश्न, ज्यासाठी मुख्यतः हा लेख लिहावयास घेतला. सौ.चा बावीस वर्षांचा चौविहार होता. रात्रीची गोळी दहाला. गोळीला पाणी हवे. निदान झाल्यानंतर पहिले दोन महिने तिने ती गोळी घेतलीच नाही आणि मला सांगितलेही नाही. पहाटे उठल्यावर तोंड धुताना चूळ भरता येत नसे, तेव्हा माझ्या वहीतील आकड्यांवरून हे उघड झाले. मी रागावलो, ती रडली. शेवटी चातुर्मासासाठी आलेल्या साध्वीजींच्या दर्शनाला गेलो आणि सर्व निवेदन केले. त्यांनी प्रथम गोळी कशासाठी आहे हे नीट विचारून घेतले. मग त्या म्हणाल्या की, पच्चक्खाणातच आगार ठेवलेले आहेत ते कशासाठी? त्यांनी चौविहाराऐवजी तिविहाराचे पच्चक्खाण दिले, औषधाची मोकळीक ठेवली, आणि उपवासाला सध्या आज्ञा नाही असे स्पष्ट सांगितले. घरच्यांचे शंभर शब्द जे करू शकले नाहीत, ते एवढ्याने झाले. सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी होते, हे एका परीने सोयीचेच ठरले. हिवाळ्यात पावणेपाचला गोळी, साडेपाचला ताट. उशिरा जेवणाऱ्या घरांत रुग्ण दिवसभराच्या थकव्यानंतर घास चावायला बसतो.

ताटात बदल झाले. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून, मऊ मुगाची खिचडी, दुधीची शिजवून घोटलेली भाजी. फार पातळ पदार्थ ठसका लावतात आणि कोरडे अडकतात, म्हणून मधला दाटपणा. गिळताना हनुवटी किंचित खाली. जेवताना बोलणे नाही. ही शिस्त आपल्याकडे मौनाच्या नावाने आधीच होती. उन्हाळ्यात अंगावर ओला पंचा, खोलीला कूलर, आणि वीज गेली की गच्चीकडचा जिना वर्ज्य. सर्व कामे सकाळी दहाच्या आत. गरम पाण्याची अंघोळ तिला फार आवडे, ती सोडणे जड गेले. संरक्षणशक्ती दाबणारी औषधे चालू असल्याने जिवंत जंतूंच्या लसी टाळायच्या, परंतु फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेल्या आहेत.

आज प्रेडनिसोलोन दिवसाआड ५ मिलिग्रॅमवर आले आहे. पापणी सायंकाळी थोडी उतरते, एकाची दोन मोटारसायकल क्वचित दिसते. संकट पुन्हा आले नाही. येणार नाही असे कोणी सांगितलेले नाही. दर रविवारी सकाळी आणि सायंकाळी ती एका श्वासात आकडे मोजते आणि मी ते वहीत उतरवितो. गेल्या रविवारी सकाळी ३८, सायंकाळी ३१. तिच्या पर्समध्ये एक कार्ड असते, त्याचीच प्रत माझ्या खिशात आणि एक मुलाच्या गाडीत. त्यावर आजाराचे नाव, चालू औषधे, टाळावयाची औषधे, डॉक्टरांचा व आमचा दूरध्वनी एवढेच आहे. मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही बाजूंना. स्तवन ती आता प्रतिक्रमणात म्हणत नाही. सकाळच्या व्याख्यानाआधी म्हणते. तीन कडवी. चौथे जाऊबाई म्हणतात.